शून्याशेजारचा रकाना

पहिल्या दिवशी सरांनी माझ्या हातात एक फडकं दिलं. पांढरं, फ्लॅनेलचं, मीटरभर लांबरुंद. एका कडेच्या नेफ्यात बांबूची काठी आणि काठीच्या दोन्ही टोकांना सुतळी. "हे जमिनीवरून ओढायचं. सावकाश, प्रदक्षिणा घालतो तसं," ते म्हणाले. "दहा पावलं झाली की थांब, उलट आणि बघ."

प्राणिशास्त्रात एमएस्सी झाल्यावर मला वर्षभराच्या करारावर हे काम मिळालं होतं. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांतल्या रानांत, काजूबागांत हिंडून गोचिडी गोळा करायच्या, त्यांच्या जाती ओळखायच्या आणि माकडतापाचा विषाणू त्यांच्यात आहे का हे तपासण्यासाठी त्या पुण्याला पाठवायच्या. गोचीड म्हणजे गुराच्या कानात लटकलेला करडा दाणा, एवढंच तोवर मी प्रत्यक्ष पाहिलेलं होतं. बाकी सगळं पुस्तकातलं.

माकडतापाचं वैद्यकातलं नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीझ. 1957 साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यातल्या क्यासनूर रानात माकडं मरून पडायला लागली आणि आसपासच्या गावांतली माणसं तापानं फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ तिथे पोचले तेव्हा पहिली धास्ती पीतज्वराची होती. तोही माकडांना मारतो आणि भारतात तो कधीच आलेला नव्हता. हाती लागला तो मात्र नवाच विषाणू. त्याचे भाऊबंद निघाले रशियातल्या, गोचिडींमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या घराण्यातले. पुण्याचं ते केंद्र म्हणजेच आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, एनआयव्ही. सुरुवातीच्या काळात या विषाणूवर काम करताना तिथल्या कर्मचाऱ्यांनाही त्याची लागण झाली होती. हे मला सरांनी कामाच्या आदल्या संध्याकाळी सांगितलं. घाबरवायला नव्हे. नियम पाळायचे ते का, हे कळावं म्हणून.

कित्येक दशकं हा आजार शिमोगा आणि आसपासच्या जिल्ह्यांचा मानला जाई. मग 2012 मध्ये तो दक्षिणेला बंदीपूरच्या रानात दिसला, 2013 मध्ये केरळातल्या वायनाडमध्ये, 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरीत, 2016 मध्ये दोडामार्गात आणि 2017 मध्ये बांद्याच्या परिसरात. नकाशावर हे ठिपके बघितले की प्रश्न पडतो: विषाणू खरंच तेव्हा आला, की आधीपासून होता आणि कुणी शोधलंच नव्हतं? वर्षभर मी फडकं ओढलं ते या एका प्रश्नासाठी, असं मला आता वाटतं.

सकाळची तयारी अर्धा-पाऊण तासाची. पांढरे किंवा फिके कपडे, म्हणजे चढलेली गोचीड दिसते. पँट मोज्यांत खोचायची, वरून चिकटपट्टी. शर्ट पँटमध्ये. मग अंगाला डेपा तेल, हे ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेनं तयार केलेलं, गोचिडींना दूर ठेवणारं. ते मोज्यांवर, पोटऱ्यांवर, कमरेला, मानेला लावायचं, पण हातांना लागू द्यायचं नाही, कारण हाताचं तेल फडक्याला लागलं तर फडक्यावर एकही गोचीड टिकणार नाही आणि रान साफ आहे असा खोटा निष्कर्ष निघेल. आमच्या पथकातले दादा गेली कितीतरी वर्षं कीटक समाहारकाचं काम करत आलेले. ते तेल आधी लावून, हात साबणानं धुऊन, कोरडे करून मगच फडक्याची गुंडाळी उचलायचे. त्यांना फडक्याला तेलकट हातांनी स्पर्श करताना मी कधीच पाहिलं नाही.

निघायचं दव वाळल्यावर. ओलं फडकं गोचीड धरत नाही. दुपारी ऊन तापलं की गोचिडी पाचोळ्यात खाली उतरतात. मधल्या त्या दोन-तीन तासांत जे मिळेल ते.

गोचीड उडी मारत नाही, उडत नाही, झाडावरून खाली पडत नाही. ती गवताच्या पात्याच्या टोकावर किंवा पाचोळ्याच्या कडेवर चढून, मागच्या पायांनी धरून, पुढचे दोन पाय हवेत पसरून बसते. त्या पुढच्या पायांवर एक सूक्ष्म खळगा असतो. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, वास, सगळं तिला तिथून कळतं. जवळून काही घासत गेलं की ती त्याला धरते. आमचं फडकं म्हणजे तेच घासत जाणारं जनावर.

पहिले तीन दिवस मला काहीच दिसलं नाही. फडक्यावर कुसळं, बिया, मुंग्या, कोळ्याची पिल्लं, मातीचे कण. दादा माझ्यानंतर तेच फडकं बघायचे आणि चिमट्यानं दोन-तीन उचलायचे. "ताई, ठिपका बघू नका, चाल बघा," ते म्हणाले. मातीचा कण हलत नाही. मुंगी धावते. गोचीड रांगते, सगळे पाय पसरून, घाई नसल्यासारखी. चौथ्या दिवशी मला पहिली दिसली. निम्फ होती, खसखशीच्या दाण्यापेक्षा जेमतेम मोठी, तपकिरी. मी ओरडलेच.

माणसाला धोका आहे तो या निम्फचा. अंड्यातून निघते ती सहा पायांची लार्वा. ती उंदीर, चिचुंद्री, पक्षी किंवा माकडाचं रक्त पिऊन गळून पडते, कात टाकते आणि आठ पायांची निम्फ होते. निम्फ पुन्हा एका प्राण्यावर चढते, पुन्हा गळते, मग पूर्ण वाढलेली गोचीड होते आणि ती बहुधा गुरांवर जाते. लार्वा असताना बाधित प्राण्याचं रक्त पोटात गेलं तर विषाणू कात टाकल्यावरही तिच्यात राहतो. गाईगुरांमुळे विषाणू फारसा वाढत नाही, पण गोचिडी वाढतात. पोट भरलेली मादी पाचोळ्यात हजारावर अंडी घालते. पूर्ण वाढलेल्या गोचिडी पावसाळ्यात जास्त, पाऊस सरला की लार्वा, आणि डिसेंबरपासून मेपर्यंत निम्फ. आणि नेमक्या याच दिवसांत माणूस रानात असतो: लाकूडफाटा, शेतात जाळायला पालापाचोळा, आणि फेब्रुवारीपासून काजू. काजूच्या झाडाखाली वाकून, पाचोळ्यात हात घालून बोंडं वेचायची. गोचिडीला याहून सोयीचं काय असणार?

आता त्या रकान्याविषयी. आमच्या नोंदवहीत दर ओळीला तारीख, ठिकाण, जागेचे अक्षांश-रेखांश, रानाचा प्रकार, तापमान, आर्द्रता, मिळालेल्या गोचिडींची संख्या, आणि त्या संख्येला लागून शेवटचा रकाना: किती माणसांनी, किती वेळ फडकं ओढलं. पहिल्या आठवड्यात एका जागी आम्हाला काहीच मिळालं नाही. मी ओळ मोकळी सोडून पुढच्या जागेची नोंद लिहायला घेतली. सरांनी वही परत दिली. "शून्य लिही. आणि शेजारी वेळ लिही." मी लिहिलं. ते म्हणाले, "मोकळी ओळ म्हणजे आपण गेलोच नाही. शून्य आणि दहा मिनिटं म्हणजे आपण नीट बघितलं नाही. शून्य, दोन माणसं, दोन तास, ही बातमी आहे." त्या दिवसापासून मला संख्येपेक्षा तिच्या शेजारचा रकाना आधी वाचायची सवय लागली. एखाद्या तालुक्यात विषाणू आढळला नाही असं कुणी म्हणालं की आता पहिला प्रश्न तोच येतो: शोधलं किती?

जानेवारीच्या मध्यात फोन आला. एका गावातले गुरं चारणारे काका होते. "माकड मेल्लां हा थंय, व्हाळाच्या कडेक. कालपासना पडलाहा." आम्ही त्यांना एवढंच सांगितलं की हात लावू नका, कुत्र्यांना लांब ठेवा आणि गुरं त्या बाजूला नेऊ नका.

माकड मेलं की काय होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. या आजारात काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाची माकडं दोन्ही मरतात. आजारी माकडाच्या रक्तात विषाणू भरपूर असतो, आणि अंगावर कितीतरी गोचिडी. ते मेलं, अंग थंड पडलं, की गोचिडी उतरतात. म्हणजे जिथे माकड पडतं तिथल्या पाचोळ्यात विषाणू प्यालेल्या गोचिडींची दाटी होते. रानातली ती तेवढी जागा बाकीच्या रानापेक्षा कितीतरी जास्त धोक्याची. म्हणून मेलेल्या माकडाभोवती साधारण 50 मीटरच्या घेरात मॅलेथिऑन या कीटकनाशकाची पावडर टाकतात. मृतदेहाची तपासणी पशुवैद्यकीय अधिकारी पूर्ण संरक्षक पोशाखात करतात, नमुने घेतात आणि मग तो जाळतात.

आमचं काम पावडरीच्या आधीचं. आधी फडकं, मग पावडर. हा क्रम चुकला तर हाती काही लागत नाही. या आधीच्या एका जागी तसं झालं होतं. आम्ही पोचलो तेव्हा सगळा पाचोळा पांढरा झालेला. ज्यांनी पावडर टाकली त्यांना मी दोष देणार नाही. शंभर पावलांवर घरं होती आणि पोरं तिथे खेळत होती. त्यांनी माणसांचा विचार आधी केला. पण त्या जागेच्या गोचिडींत काय होतं हे आता कधीच कळणार नाही, ही चुटपूट मला अजून आहे.

या वेळी आम्ही वेळेत पोचलो. व्हाळ, म्हणजे ओढा, आटत आलेला, दगडांवर पाचोळा, कडेला किंजळीची झाडं. तो मोठा नर वानर होता. कुशीवर पडलेला, एक हात डोक्याखाली. मी त्याच्याकडे फार वेळ बघू शकले नाही. दादांनी मला व्हाळाच्या वरच्या बाजूला उभं केलं आणि आम्ही दोघांनी त्या घेरात फडकी ओढायला सुरुवात केली. तासाभरात फडक्यावर इतक्या निम्फ आल्या की चिमटा पुरेना. प्रत्येक उचललेली गोचीड काचेच्या कुपीत, कुपीच्या तळाशी ओलसर कागद, तोंडाला कापूस. कुपीवर चिठ्ठी: तारीख, जागा, फडक्याचा क्रमांक. कुपी बर्फाच्या पेटीत.

त्या दिवशी माझ्या हातून एक चूक झाली. चिठ्ठ्या मी पेनानं लिहिल्या. पेटीतल्या गारव्यानं कुप्यांना बाहेरून दव धरलं, शाई पसरली, आणि संध्याकाळी केंद्रावर पेटी उघडली तेव्हा सहा कुप्यांवर निळे डाग उरले होते. कुठली कुपी प्रेताजवळची आणि कुठली चाळीस मीटरवरची, हे सांगता येईना. गोचिडी जिवंत होत्या, चांगल्या होत्या, पण त्यांचं ठिकाण हरवलं होतं. सरांनी त्या सहाही कुप्यांतल्या गोचिडी एकत्र करून "ठिकाण अनिश्चित" अशी नोंद केली. ते रागावले नाहीत. वही माझ्यापुढे सरकवून त्यांनी ती नोंद माझ्याच हातानं लिहून घेतली. तेव्हापासून माझ्या खिशात शिसपेन्सिली असतात. शिसं पाण्यानं पुसत नाही, अल्कोहोलनंही नाही.

रोज संध्याकाळी अंघोळीआधी स्वतःची तपासणी. गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, कानामागे, केसांत. कपडे उकळत्या पाण्यात. एकदा कमरेला एक निम्फ रुतलेली सापडली. टोकदार चिमट्यानं कातडीच्या अगदी जवळ धरायची आणि सरळ वर ओढायची. पिळायची नाही, चिरडायची नाही, रॉकेल किंवा जळती उदबत्ती लावायची नाही, कारण डिवचलेली गोचीड पोटातलं जखमेत ओकू शकते. काढली, जागा साबणानं धुतली, तारीख लिहून ठेवली. माकडतापाची लक्षणं दिसायला चावल्यानंतर साधारण 3 ते 8 दिवस लागतात. त्या आठ दिवसांत मी रोज दोनदा ताप मोजला. अचानक चढणारा ताप, कपाळ फुटेल असं डोकं दुखणं, अंगदुखी, हिरड्यांतून रक्त ही लक्षणं मी शाळेतल्या मुलांकडून पाठ करून घेतली होती. त्या आठवड्यात ती मी स्वतःसाठी म्हणत होते. या आजारावर नेमकं औषध नाही. लक्षणांवरचे उपचार आणि देखरेख एवढंच हाती असतं. जुनी लस होती, तिचा परिणाम पुरेसा नव्हता, आणि आता ती दिली जात नाही. मला काही झालं नाही.

गोळा करण्याइतकाच वेळ ओळखण्यात जातो. बर्फावर ठेवलेल्या काचेच्या बशीत गोचीड गारठते आणि चालायची थांबते. मग सूक्ष्मदर्शकाखाली. आम्ही शोधत होतो ती हीमाफायसेलिस स्पिनिजेरा, या विषाणूची मुख्य वाहक. हीमाफायसेलिस गटातल्या गोचिडींच्या तोंडाशी जे दोन मिशांसारखे अवयव असतात ते बाजूला पसरून टोकदार झालेले दिसतात आणि त्यांना डोळे नसतात. एवढं शिकायला एक दिवस पुरतो. स्पिनिजेरा की तिची बहीण टर्टुरिस, हे निम्फमध्ये ओळखायला मला दीड महिना लागला. रात्री डोळे मिटले तरी गोचिडीच दिसायच्या.

मग पुंजके करायचे. एक जात, एक अवस्था, एक जागा, असे वीस-पंचवीसांचे. एकेक गोचीड वेगळी तपासणं परवडत नाही. पुंजका थंड साखळीत पुण्याला जातो आणि तिथे जैवसुरक्षेच्या तिसऱ्या पातळीच्या प्रयोगशाळेत वाटला जातो. त्यातलं आरएनए वेगळं काढून रिअल-टाइम आरटी-पीसीआरनं विषाणूच्या जनुकाचा तुकडा शोधतात. मी त्या दालनात कधी गेले नाही. माझ्यापर्यंत यायचा तो कागद: पुंजक्याचा क्रमांक आणि पुढे एक शब्द.

त्या शब्दाचा अर्थ लावायला शिकणं हा कामाचा सगळ्यात अवघड भाग. पुंजका बाधित निघाला म्हणजे त्यातली निदान एक गोचीड बाधित होती. एक होती की दहा, ते कळत नाही. म्हणून हजार गोचिडींमागे किती पुंजके बाधित, असा दर काढतात आणि तो खालची मर्यादा समजतात. शिवाय पीसीआरला विषाणूचा माग लागतो. तो विषाणू जिवंत आहे का, हे ठरवायला पेशींमध्ये वाढवून बघावा लागतो. आणि बाधित गोचीड मिळाली म्हणून गावात रुग्ण होईलच असं नाही. तिथे कोण जातं, कधी जातं, कसं बसतं, यावर ते ठरतं. हे सगळं गावकऱ्यांना सांगायचं कसं? "विषाणू सापडला" एवढं म्हटलं तर माणसं रान सोडतील, आणि काजूच्या चार महिन्यांवर वर्ष काढणाऱ्याला रान सोडणं शक्य नाही.

व्हाळाकाठच्या पुंजक्यांपैकी दोन बाधित निघाले. "ठिकाण अनिश्चित" मधला एकही नाही, पण त्याचा अर्थ काढता येत नव्हता. तिथून जवळ ज्या काकींची काजूबाग होती त्यांच्याकडे मी आरोग्य केंद्राच्या ताईंबरोबर गेले. तेलाच्या बाटल्या दिल्या. बागेत जाण्यापूर्वी लावायचं, दर दोन-तीन तासांनी पुन्हा, घरी आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ, कपडे वेगळे. ताप आला तर पहिल्याच दिवशी केंद्रावर, आणि बागेत जात होते हे आपणहून सांगायचं, कारण पहिल्या काही दिवसांतच रक्तात विषाणू पीसीआरनं सापडतो. काकी गप्प ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तां सगळां खरां. पण काजी कोण पुंजावतलो?"

माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. आम्ही दुसऱ्या दिवशी त्यांच्या बागेत फडकं ओढलं. कडेच्या रानाला लागून जिथे पाचोळा साठला होता तिथे निम्फ मिळाल्या, मधल्या झाडून काढलेल्या भागात जवळजवळ नाहीत. त्या माहितीवर काकींनी स्वतःच ठरवलं: बागेचा पाचोळा आधी झाडून काढायचा, रानाकडच्या दोन ओळींतली बोंडं घरातल्या मोठ्या माणसांनी, तेल लावून, बूट घालून वेचायची आणि मुलांना तिकडे पाठवायचं नाही. आमच्या कागदावर असा उपाय कुठेच लिहिलेला नव्हता.

त्या मोसमात त्यांच्या घरात कुणी आजारी पडलं नाही. आमच्यामुळे, असं मी म्हणू शकत नाही. तसं म्हणायला शेजारी रकाना हवा आणि तो माझ्याकडे नाही.

मेच्या अखेरीला, पावसाच्या तोंडावर, त्याच बागेत शेवटचं फडकं ओढलं. आभाळ भरून आलेलं, झाडाखाली गळून पडलेली शेवटची बोंडं आंबून गेलेली. दादा एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं. कुंपणापर्यंत गेलो, परत आलो, रानाकडच्या ओळींत तीनदा फिरलो. काकी पायरीवर बसून आमच्याकडे बघत होत्या.

"काय गे बाय, काय गावला?"

"काही नाही, काकी."

"किती येळ सोधलास?"

"दोन तास. दोघांनी."

"दोन तासांत नाय," त्या म्हणाल्या, "म्हणजे आज तरी नाय." आणि पाणी आणायला आत गेल्या. मी पेन्सिल काढली.